आगमनकाळात वाट पाहावी कशी

नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या काळाला कॅथोलिक मंडळी आगमनकाळ म्हणतात, तर प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ॲडव्हेंट हा शब्दही तितकाच रुळलेला आहे. दोन्हींच्या मुळाशी ‘आगमन’ याच अर्थाचा ‘आद्वेन्तुस’ हा लॅटिन शब्द आहे. पाश्चात्त्य परंपरेत चर्चचे उपासना-वर्ष याच काळापासून सुरू होते, म्हणजे ख्रिस्ती माणसाचे नवे वर्ष वाट पाहण्याने उघडते. प्रत्यक्षात मात्र या काळाची गत आपल्याकडे गुडघ्याला बाशिंग बांधलेल्या उतावळ्या नवऱ्यासारखी झाली आहे. पहिला रविवार उजाडण्याआधीच गॅलरीत चांदणी लागलेली असते, केकची ऑर्डर गेलेली असते, शुभेच्छांची चित्रे मोबाइलवर फिरू लागलेली असतात आणि 25 डिसेंबरची सकाळ येईपर्यंत नाताळ शिळा झालेला असतो.

मी स्वतः बरीच वर्षे हा काळ मनातल्या मनात पाळत असे आणि दरवर्षी दुसऱ्या आठवड्यात तो हातातून निसटत असे. ‘या वर्षी धीर धरायचा’ असा नुसता संकल्प सोडून धीर येत नाही, हे समजायला वेळ लागला. एखादी ठरावीक गोष्ट ठरलेल्या दिवसापर्यंत मुद्दाम अपुरी ठेवली, की त्या अपुरेपणाशी रोज गाठ पडते आणि त्यातून वाट पाहण्याची सवय लागते, असा माझा अनुभव आहे. चर्च स्वतः नेमके हेच करते. आगमनकाळातील रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेत, ग्लोरिया हे गौरवगीत म्हटले जात नाही. तेवढी जागा चारही रविवारी रिकामी राहते आणि ज्या रात्री बेथलेहेमच्या मेंढपाळांना देवदूतांनी ते गाऊन दाखवले, त्या रात्रीच्या उपासनेत ते परत येते. पुढे सांगितलेले सर्व नेम याच रीतीचे आहेत. ते सगळे एकाच वर्षी करू नयेत. एक घरचा आणि एक स्वतःचा, असे दोन निवडले तरी पुष्कळ झाले.

आधी दिवस मोजा

आगमनकाळाची लांबी दरवर्षी सारखी नसते आणि हे ध्यानात न आल्यामुळेच पहिला आठवडा बहुधा वाया जातो. हिशोब सोपा आहे. 25 डिसेंबरच्या आधीचा रविवार हा चौथा रविवार धरावा (25 तारखेलाच रविवार आला तर त्याच्या मागचा धरावा) आणि तिथून तीन आठवडे मागे जावे. पहिला रविवार त्यामुळे नेहमी 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. 2026 साली तो 29 नोव्हेंबरला आहे, 2027 साली 28 नोव्हेंबरला. 2028 साली तो 3 डिसेंबरला येईल आणि त्या वर्षी चौथा रविवार 24 डिसेंबरलाच असल्यामुळे सारा काळ अवघ्या 22 दिवसांत आटोपेल. 2022 साली हाच काळ पुरा 28 दिवसांचा होता. इतरत्र त्याची लांबी वेगळी, आणि बहुतेक ठिकाणी याहूनही जास्त असते. मिलान शहराच्या अँब्रोसियन परंपरेत आगमनकाळ सहा आठवड्यांचा असतो, पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये नाताळापूर्वीचा उपास चाळीस दिवसांचा असतो आणि केरळातील सिरियन ख्रिस्ती घरांत पंचवीस दिवसांचा नेम पाळतात. पाचव्या शतकात फ्रान्समधील तूर शहराचे बिशप पर्पेत्यूस यांनी तर 11 नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास करावा, असा दंडक घातला होता. चार रविवार आपल्याला जड वाटत असतील, तर हे आठवावे.

दिनदर्शिकेवर दोन खुणा कराव्यात: पहिला रविवार आणि 17 डिसेंबर. या दुसऱ्या तारखेपासून काळाचा सूर बदलतो. सुरुवातीच्या दिवसांतील वाचने ख्रिस्ताच्या दुसऱ्या आगमनाविषयी, जागे राहण्याविषयी आणि योहान बाप्तिस्मा करणाऱ्याविषयी असतात. 17 तारखेपासून ती थेट बेथलेहेमकडे वळतात. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण ‘येशू तर दोन हजार वर्षांपूर्वी जन्मला, मग आता वाट कसली पाहायची?’ हा प्रश्न घरातील मुले विचारतातच. तो जन्मलाच नाही असे सोंग आपण आणत नाही, हे त्यांना सांगावे. जो येऊन गेला तोच पुन्हा येणार आहे, या श्रद्धेने आपण थांबलेले असतो. पहिल्या शतकातील ख्रिस्ती लोकांची ‘मारानाथा’ ही अरामी भाषेतील प्रार्थना यासाठी फार बोलकी आहे. ती ‘मारान आथा’ अशी तोडली तर ‘आपला प्रभू आला आहे’ असा अर्थ होतो आणि ‘माराना था’ अशी तोडली तर ‘हे आमच्या प्रभो, ये’ असा. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी हा शब्द तसाच ठेवला आहे. वाट पाहताना पुटपुटायला याहून नेटका शब्द मला सापडलेला नाही.

चार मेणबत्त्या

आगमनकाळाच्या मेणबत्त्यांचे कडे आता आपल्या चर्चमध्येही दिसते, पण ते मुळात घरातल्या, किंबहुना अनाथाश्रमातल्या मुलांसाठी निघाले. योहान हिन्रिक विकर्न हे लुथरन पाळक हॅम्बुर्गमध्ये निराधार मुलांसाठी ‘राउहेस हाउस’ नावाची संस्था चालवीत. ‘नाताळ आला का?’ असे मुले रोज विचारून भंडावून सोडत, म्हणून 1839 साली त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर वीस लहान तांबड्या आणि चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या. रोज एक लहान मेणबत्ती पेटवायची आणि रविवारी मोठी. त्या वर्षी पहिला रविवार 1 डिसेंबरला होता, त्यामुळे चोवीस हा आकडा बरोबर जुळला. मुलांच्या अधीरतेला विकर्न रागावले नाहीत, तिला त्यांनी मोजमाप दिले. घरी हे करताना त्यांची ती दृष्टी आठवणीत ठेवावी.

आपल्याकडे फरची पाने मिळत नाहीत आणि प्लास्टिकची आणण्याची गरजही नाही. वसईपासून कोकणापर्यंत किनाऱ्यावर सुरूची झाडे आहेत. त्यांच्या चार-सहा बारीक फांद्या पुरतात. पितळी परातीत किंवा खोलगट ताटात वाळू भरावी, त्यात चार मेणबत्त्या गोलाकार रोवाव्यात आणि कडेने फांद्या मांडाव्यात. परंपरेने तीन मेणबत्त्या जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी असते. रंगीत मेणबत्त्या मिळाल्या नाहीत तर पांढऱ्या मेणबत्त्यांच्या तळाशी त्या त्या रंगाची फीत गुंडाळावी. काही जण मध्ये पाचवी पांढरी मेणबत्ती ठेवतात आणि ती नाताळच्या रात्री लावतात. सुरूची फांदी आठवडाभरात वाळते आणि वाळल्यावर भुरकन पेट घेते, म्हणून ती दर आठवड्याला बदलावी आणि मेणबत्त्या जळत असताना खोलीतून कोणी उठून जाऊ नये.

पहिल्या आठवड्यात एक, दुसऱ्यात दोन, अशा रोज संध्याकाळी मेणबत्त्या लावाव्यात आणि दहा मिनिटांनी विझवाव्यात. दहा मिनिटे हे बंधन कटाक्षाने पाळावे. एरवी पहिली मेणबत्ती चौथ्या रविवारापर्यंत टिकत नाही, हे आमच्या घरी एकदा घडले आहे. त्या दहा मिनिटांत फार काही करू नये. दोन मिनिटे नुसते बसावे, त्या दिवसाच्या वाचनातील दोन-चार वचने एकाने सावकाश वाचावीत, पुन्हा थोडे थांबावे, एक लहानशी प्रार्थना म्हणावी आणि मुलांपैकी कोणीतरी मेणबत्ती विझवावी. रोजची वाचने यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथातील असतील तर त्यांवर भाष्य करण्याच्या फंदात पडू नये. जी वचने समजली नाहीत ती तशीच राहू द्यावीत, कारण यशयाचे पहिले श्रोतेही ती ऐकून घरी गेले तेव्हा त्यांना सारे उमगले असेल असे नाही. चौथ्या आठवड्यात परातीकडे पाहिले की पहिली मेणबत्ती बोटभर उरलेली असते आणि चौथी जवळजवळ अख्खी असते. आपण किती दिवस थांबलो, ते तिथे एका नजरेत दिसते.

तिसऱ्या रविवारची गुलाबी मेणबत्ती ही या शिस्तीतली मोकळीक आहे. त्या रविवारचे ‘गौदेते’ हे नाव ‘आनंद करा’ या शब्दांवरून पडले. ते शब्द पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातील. नेम अर्ध्यावर आला की माणूस कंटाळतो, हे चर्चने शेकडो वर्षांच्या अनुभवाने ओळखलेले असावे. त्या दिवशी घरात एखादा गोड पदार्थ खुशाल करावा.

रिकामी गव्हाण आणि हिरवे ताट

माझ्या मते धीर शिकण्यासाठी ख्रिस्तजन्माच्या देखाव्याइतके चांगले साधन घरात दुसरे नाही, फक्त तो एका दिवसात उभारू नये. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी 1223 साली इटलीतील ग्रेच्चो या गावी ख्रिस्तजन्माचा प्रसंग उभा केला, तेव्हा गव्हाण, गवत, बैल आणि गाढव एवढाच त्यांचा सरंजाम होता. आपणही पहिल्या आठवड्यात फक्त गोठा आणि रिकामी गव्हाण ठेवावी. दुसऱ्या आठवड्यात गुरे आणावीत. मरिया आणि योसेफ यांच्या मूर्ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पुस्तकांच्या फळीवर किंवा खिडकीत ठेवून रोज थोड्या थोड्या पुढे सरकवाव्यात. नासरेथ ते बेथलेहेम हे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि ते चालत जायचे होते, हे मुलांना त्यातून न सांगता कळते. मेंढपाळ 24 तारखेपर्यंत डोंगरावरच राहू द्यावेत.

गव्हाणीत घालण्यासाठी वाळक्या गवताच्या काड्यांची एक जुडी शेजारी ठेवावी. दिवसभरात कोणी एखादे जड जाणारे थांबणे निभावले, भावंडाला आधी घेऊ दिले किंवा आजीचे तेच तेच बोलणे न तोडता ऐकले, तर रात्री त्याने एक काडी गव्हाणीत ठेवायची. ही रीत अनेक देशांत आहे. तिच्यात एक धोका मात्र आहे: मुले काड्या मोजू लागतात आणि मोठी माणसे त्या काड्यांचा वेतासारखा वापर करू लागतात. म्हणून कोणी कोणती काडी कशासाठी ठेवली, हे विचारायचे नाही, असा नियम पहिल्याच दिवशी करून टाकावा. मोठ्यांनीही काड्या ठेवाव्यात. शक्यतो मुले झोपल्यावर.

देखाव्यातील शेतासाठी धान्य पेरण्याची रीत गोव्यातील आणि मंगळूरकडील घरांत आहे. तिथे बशीत नाचणी पेरतात. फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात 4 डिसेंबरला, संत बार्बराच्या सणाला, बशांमध्ये गहू पेरतात आणि नाताळाच्या मेजावर ते हिरवे अंकुर मांडतात. घटस्थापनेला शेजारच्या घरी रुजवण घातलेली पाहिलेल्या मराठी माणसाला यात नवे काही शिकावे लागत नाही. गहू किंवा नाचणी रात्रभर भिजवावी, पसरट ताटात दोन बोटे माती घालून तिच्यावर दाणे दाट पसरावेत, वरून मातीचा पातळ थर द्यावा आणि अंकुर दिसेपर्यंत ताट सावलीत ठेवावे. नंतर उजेडात आणावे. गहू 13-14 डिसेंबरला आणि नाचणी त्याच्या दोन-तीन दिवस आधी पेरली तर 24 तारखेला शेत उभे राहते. पाणी रोज शिंपडावे, ओतू नये. पहिले तीन दिवस काहीच दिसत नाही आणि खरा नेम तोच असतो, कारण बोटाने माती उकरून पाहण्याचा मोह आवरत नाही. उकरलेला दाणा बहुधा मरतो.

याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात धीराची शिकवण शेतकऱ्याच्याच उदाहरणाने दिली आहे: पहिला आणि शेवटचा पाऊस मिळेपर्यंत तो जमिनीच्या मोलाच्या पिकासाठी धीर धरतो. पॅलेस्टाइनमध्ये पहिला पाऊस साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतो आणि शेवटचा मार्च-एप्रिलच्या सुमारास. पहिल्या पावसाने कडक जमीन नांगरण्याजोगी होते, तर शेवटच्याने दाणा भरतो. मधले चार-पाच महिने तो शेतकरी बांधावर हात बांधून बसत नाही. नांगरणे, पेरणे, तण काढणे ही त्याची कामे तो करतोच, फक्त पाऊस पाडणे हे आपले काम नव्हे, हे त्याला माहीत असते. आपल्या हातातले कोणते आणि हातात नसलेले कोणते, याची अशी वाटणी मनाशी नीट झाली की निम्मी तगमग आपोआप ओसरते. वाटल्यास पहिल्या रविवारी एका कागदावर दोन रकाने पाडून ती लिहून काढावी. नोकरीसाठी अर्ज करणे एका रकान्यात जाते, बोलावणे येणे दुसऱ्यात.

जिभेचा आणि स्वयंपाकघराचा नेम

लूकच्या शुभवर्तमानाची सुरुवात एका म्हाताऱ्या याजकाच्या मुकेपणाने होते. म्हातारपणी तुला मुलगा होईल, असे सांगणाऱ्या देवदूताकडे जखऱ्याने पुरावा मागितला आणि मूल जन्मून त्याचे नाव ठेवले जाईपर्यंत त्याची वाचा गेली. ही शिक्षा आहे खरी, पण त्या महिन्यांत तो काहीतरी शिकलेला दिसतो, कारण जीभ मोकळी होताच त्याच्या तोंडून तक्रार न निघता स्तोत्र निघते. यावरून एक साधा नेम घेता येतो: समोरच्याचे वाक्य पुरे होऊ द्यायचे. वाक्य संपल्यावर मनात तीन अंक मोजायचे आणि मग बोलायचे. हे ऐकायला किरकोळ वाटते, पण पहिल्या दिवशीच लक्षात येते की आपण दुसऱ्याचे किती बोलणे मध्येच उचलून स्वतः पुरे करतो, विशेषतः वडीलधाऱ्या माणसांचे आणि नवरा-बायकोने एकमेकांचे. ज्यांना हे जमू लागेल त्यांनी पुढची पायरी घ्यावी: राग आणणाऱ्या संदेशाला त्याच दिवशी उत्तर द्यायचे नाही. उत्तर हवे तर लिहून ठेवावे आणि सकाळी वाचावे. माझी अशी लिहून ठेवलेली निम्म्याहून अधिक उत्तरे सकाळी मीच पुसली आहेत.

स्वयंपाकघरात तर वाट पाहण्याचे शिक्षण फुकट मिळते. केकसाठी मनुका, काळ्या मनुका, टूटी-फ्रूटी रममध्ये किंवा संत्र्याच्या रसात मुरत घालावी लागते. रमवाली बरणी कित्येक आठवडे राहते, रसवाली फ्रिजमध्ये ठेवावी आणि दोन-तीन दिवसांत वापरावी. गोव्याची बेबिंका हा तर संयमाचा पदार्थच आहे. नारळाचे दूध, अंड्यातील पिवळा बलक, साखर आणि थोडा मैदा यांच्या मिश्रणाचा एक थर ओतायचा, वरून विस्तव देऊन तो तांबूस होईपर्यंत थांबायचे, त्यावर चमचाभर तूप सोडायचे आणि मगच पुढचा थर. असे सात थर, हौशी घरांत सोळासुद्धा. घाई केली तर थर एकमेकांत मिसळतात आणि उरतो तो नुसता शिरा. आपल्याकडे करंज्या, शंकरपाळे आणि कलकल चौथ्या आठवड्यात करतात, ते ठीकच आहे. फक्त ‘चव पाहायला’ म्हणून रोज डबा उघडण्याची मुभा कोणालाही, करणारीलासुद्धा, देऊ नये. उपास करणाऱ्यांनी आपला शुक्रवार पाळावाच. पण ज्यांना प्रकृतीमुळे उपास झेपत नाही त्यांना बंद डब्याचा हा नेम पुरेसा आहे.

रोजच्या रांगा

चर्चगेट-विरार लोकलने प्रवास करणाऱ्याला वाट पाहण्याचे धडे वेगळे द्यावे लागत नाहीत, अशी थट्टा आमच्याकडे चालते. तरीही फलाटावर उभे असताना आपण खरोखर थांबलेलो नसतो; हात खिशात जातो आणि मोबाइल बाहेर येतो. आगमनकाळापुरती रोजच्या वाटेवरची एकच जागा निवडावी (फलाट, लिफ्ट, सिग्नल, दूधकेंद्र किंवा दवाखान्याचे बाकडे) आणि तिथली पहिली तीन मिनिटे मोबाइलशिवाय काढावीत. तेवढ्या वेळात जपमाळेचे एखादे दशक (दहा मण्यांचा जप) उरकून घेऊ, असा विचार धार्मिक माणसाच्या मनात येतो. तोही बाजूला ठेवावा, कारण रिकामा वेळ कशाने तरी भरून टाकण्याची ती दुसरी तऱ्हा झाली. आजूबाजूच्या माणसांकडे पाहावे, श्वासाबरोबर मारानाथा म्हणावे किंवा काहीच म्हणू नये. बायबलमधील स्तोत्र 130 मध्ये पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्यांचा दाखला लागोपाठ दोनदा दिला आहे. पहारेकरी पहाट लवकर आणू शकत नाही. तो डोळे उघडे ठेवतो, एवढेच त्याचे काम. मराठीत आपण वाट ‘पाहतो’ म्हणजे रस्त्याकडे नजर लावून बसतो आणि नजर मोबाइलमध्ये असली तर आलेला माणूसही दिसत नाही.

मुंबई आणि पुण्यातील कचेऱ्यांत, मुलांच्या शाळांत नाताळाचे कार्यक्रम सुट्टीआधी, म्हणजे आगमनकाळातच होतात. गोव्यात याच काळात 3 डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचे आणि 8 डिसेंबरला निष्कलंक मातेचे फेस्त (सण) येते, जत्रा भरते, पाहुणे येतात. अशा वेळी नेमाचा बाऊ करून तोंड पाडून बसू नये. बोलावले तर जावे, दिलेले खावे, गाणे असेल तर गावे. घरची परात आणि रिकामी गव्हाण संध्याकाळी आपल्या जागी असतेच. चर्चच्या गायकवृंदाला तर नोव्हेंबरपासूनच कॅरोल घोटावी लागतात, त्याला इलाज नाही.

ज्यांच्या वाट्याला वाट पाहणे आलेले आहे

आतापर्यंत सांगितले ते निवडून घेतलेल्या थांबण्याविषयी होते. पण बायोप्सीच्या अहवालासाठी थांबलेले कुटुंब, अनेक वर्षे मूल न झालेले जोडपे, बोटीवर किंवा आखातात गेलेल्या मुलाची आई, न्यायालयाच्या तारखा मोजणारा माणूस यांना मेणबत्त्यांचा नेम सांगू नये आणि ‘धीर धरा, देवाच्या योजनेत सर्व काही आहे’ असे तर मुळीच म्हणू नये. स्तोत्र 13 मध्ये ‘कुठवर?’ हा प्रश्न देवाला लागोपाठ चार वेळा विचारलेला आहे. बायबलला तो प्रश्न उद्धट वाटत नाही, मग आपल्याला का वाटावा? अशा घरी दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात एक संध्याकाळ राखून ठेवावी, जेवणाचा डबा घेऊन जावे, बसावे, विचारले तरच बोलावे आणि पुढच्या तपासणीला सोबत कोण जाणार आहे, याची चौकशी करावी. ज्या माणसाला मजुरी किंवा हक्काची जमीन मिळालेली नाही, त्याला संयम शिकवणे हा तर धर्माचा गैरवापर होईल. याकोबाच्या ज्या अध्यायात शेतकऱ्याचा धीर आहे, त्याच अध्यायाच्या आरंभी मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, असेही लिहिले आहे.

स्वतःच अशा वाट पाहण्यात सापडलेल्यांसाठी एक आठवण देतो. जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यांना नाझी राजवटीने एप्रिल 1943 मध्ये अटक केली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी कोठडीची तुलना आगमनकाळाशी केली: माणूस थांबतो, आशा करतो, काहीबाही करत राहतो, पण दार बंद असते आणि ते फक्त बाहेरूनच उघडता येते. एप्रिल 1945 मध्ये त्यांना फाशी देण्यात आली. त्यांचे दार त्यांना हवे तसे उघडले नाही, हे लपवून हा दाखला देऊ नये. त्या कोठडीत ते वाचत, लिहीत आणि सहकैद्यांना धीर देत राहिले, एवढे मात्र खरे.

सतरा तारखेनंतर

17 ते 23 डिसेंबर या सात दिवसांच्या सायंप्रार्थनेत शेकडो वर्षांपासून सात लहान आळवण्या म्हटल्या जातात. प्रत्येकीत ख्रिस्ताला जुन्या करारातील एका नावाने हाक आहे आणि प्रत्येकीत ‘ये’ हा शब्द आहे: हे प्रज्ञे, हे अदोनाय (म्हणजे प्रभो), हे इशायाच्या मुळा, हे दाविदाच्या किल्ल्या, हे उगवत्या तेजा, हे राष्ट्रांच्या राजा आणि शेवटी हे इम्मानुएला. या नावांची लॅटिनमधील आद्याक्षरे उलट क्रमाने वाचली तर ‘एरो क्रास’, म्हणजे ‘उद्या मी असेन’, असे शब्द तयार होतात. मुलांना हे कोडे फार आवडते. ते त्यांना 23 तारखेलाच सांगावे. रोज एक नाव कागदाच्या पट्टीवर लिहून परातीजवळ ठेवावे. याच सुमारास मेणबत्तीच्या वेळी मत्तयच्या शुभवर्तमानातील वंशावळ वाचायची वेळ येते, कारण 17 तारखेचे वाचन तेच आहे. ती टाळू नये. अब्राहामापासून चौदा-चौदा पिढ्यांचे तीन टप्पे, त्यांत तामार, राहाब, रूथ यांच्यासारख्या स्त्रिया आणि शेवटी शेवटी ज्यांच्याविषयी इतर काहीच ठाऊक नाही अशी माणसे. आपापल्या पिढीत थांबून ती निघून गेली.

मध्ये एखादा आठवडा चुकला, नेम मोडला, डबा उघडला गेला, तर राहिलेल्या दिवसांची भरपाई करत बसू नये. जी मेणबत्ती त्या आठवड्याची असेल तिच्यापासून पुन्हा सुरुवात करावी. 24 तारखेला शक्य तेवढी कामे दुपारपर्यंत आटोपावीत. हिरवे ताट गोठ्यासमोर ठेवावे, मरिया आणि योसेफ यांना आत आणावे, चांदणी त्या संध्याकाळी प्रथम उजळावी आणि मध्यरात्रीच्या मिस्सेहून परतल्यावर घरातील सर्वांत लहान व्यक्तीने बाळाची मूर्ती काड्यांवर ठेवावी. ती व्यक्ती झोपलेली असेल तर सकाळपर्यंत थांबावे. डबे त्यानंतर उघडावेत आणि 26 तारखेला आवरायला न घेता फराळाची ताटे पुढचे आठ-दहा दिवस शेजारीपाजारी पोहोचवत राहावे, कारण नाताळचा काळ तेव्हा कुठे सुरू झालेला असतो. पूर्वेकडून निघालेल्या तीन राजांना मात्र त्या रात्री गोठ्यात आणू नये. त्यांचे उंट फ्रिजवर किंवा कपाटाच्या माथ्यावर उभे असतात आणि ते पोहोचायला 6 जानेवारी उजाडावी लागते.